टील तळ्याची दहा वर्षं

हॅरप बेंडच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झालो तरी दर गुरुवारी दुपारी अजून जातो, कारण शाळेत अकरा मुलं आणि दोनच शिक्षक आहेत, आणि मला घरी बसवत नाही. मुलं मला सर म्हणतात. डल्सी मला मास्तर म्हणते, तेही अशा सुरात, की मी अजून कुठली तरी परीक्षा पास व्हायचा राहिलोय.

गावातली निम्मी घरं डल्सीच्या नात्यातली. उरलेली निम्मी नात्यात नसूनही तिला आंटीच म्हणतात. तिचा जन्म टील तळ्याच्या काठावर, तिच्या आईच्या पालात झाला. तळं गावापासून सहा किलोमीटरवर, हजार एकरांचा उथळ खळगा. नदी फुगली की ओढ्यावरचं लोखंडी दार उघडायचं आणि पाणी आत घ्यायचं, असा पूर्वीचा रिवाज होता. ते दार नऊ वर्षांत उघडलं नव्हतं. काठावरची ब्लॅक बॉक्स नावाची, निलगिरीच्या जातीची झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती. डल्सी दर महिन्याला तिकडे जाऊन एकेका झाडाची साल नखानं खरवडून बघायची आणि आत हिरवं दिसलं की पुढच्या झाडाकडे जायची. त्या हिवाळ्यात, आमच्याकडे तो जून-जुलैत येतो, मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिनं तीस झाडं खरवडली. हिरवी अकरा निघाली.

पुढच्याच आठवड्यात पाणी खात्याची ब्रॉन्विन आली. पोरगी तिशीची, गमबूट आपले स्वतःचे घेऊन आली होती, म्हणजे अगदीच कार्यालयातली नव्हती. गावच्या हॉलमधला हीटर बंद असल्यामुळे सभा पबच्या जेवणघरात भरली. तिनं भिंतीवर नकाशा दाखवला. चौतीस वर्षांत उपग्रहांनी वरून टिपलेली आमच्या खोऱ्याची सगळी चित्रं संगणकाला दिली होती. संगणकानं जमिनीचे तीस-तीस मीटरचे चौकोन पाडले, आणि प्रत्येक चौकोनाला प्रत्येक चित्रात एकच प्रश्न विचारला: तू पाणी आहेस का? ज्या तळ्यात चौतीसपैकी निदान दहा वर्षं पाणी आढळलं, ते जिवंत तळ्यांच्या यादीत जाणार होतं. वरच्या धरणातून पाणी सुटलं की अशा तळ्यांची दारं उघडली जाणार होती. जी तळी यादीत नसतील, त्यांच्या ओढ्यांच्या तोंडाशी मातीचा बांध घालून ती कायमची बंद करायची, म्हणजे पाणी उगाच उन्हात उडून जाणार नाही.

नकाशावर खोऱ्यातली तळी निळी निळी दिसत होती. टील तळ्याच्या जागी मधोमध एक निळा ठिपका होता, वाटाण्याएवढा. त्याच्याखाली लिहिलं होतं: तीन वर्षं.

जेवणघरात एकच कल्ला झाला. प्रत्येकाला तिथे पोहल्याचं आठवत होतं. कुणाचं लग्न काठावर लागलं होतं, कुणाची बोट बुडाली होती. ब्रॉन्विननं सगळ्यांचं ऐकून घेतलं. ती म्हणाली, की आठवणी तिला खोट्या वाटत नाहीत, पण खात्याला तारीख लागते. तारखेसकट कुठे काही लिहून ठेवलेलं आहे का?

पबचा मालक लगेच आत गेला आणि मासेमारी क्लबची वही घेऊन आला. एकोणीसशे एकोणऐंशीपासूनची वही. कुणी, कधी, केवढा मासा धरला आणि कुठे धरला, सगळं त्यात आहे. आम्हाला वाटलं, जिंकलो.

ब्रॉन्विननं पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग ती भराभर उलटायला लागली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ती काय वाचते आहे. जागेच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच गोष्ट लिहिलेली होती. बंधाऱ्याखाली. बंधाऱ्याखाली. बंधाऱ्याखाली. चाळीस वर्षं, सगळं गाव, बंधाऱ्याखाली.

आता यातली गोम बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. क्लबचा नियम असा, की मासा नदीतलाच धरायचा. तळ्यातला मासा अडकलेला असतो, तो धरण्यात कसली मर्दुमकी, असं क्लब स्थापणाऱ्यांचं म्हणणं होतं. आणि तळ्यातला मासा तर दुप्पट लठ्ठ. त्यामुळे सगळेजण तळ्यावर जायचे आणि नदीवरच्या बंधाऱ्याचं नाव लिहायचे. शिवाय आपली जागा दुसऱ्याला कळू द्यायची नसते ती नसतेच. इथे त्याबद्दल एक अलिखित शिस्त आहे: आपल्या जागेबद्दल हवं तेवढं खोटं बोलावं, पण दुसऱ्याच्या जागेबद्दल तोंड उघडू नये. ही शिस्त मोडणाऱ्या एका माणसाला शेवटी गाव सोडून जावं लागलं. त्याचं नाव मीसुद्धा सांगणार नाही.

ब्रॉन्विननं वही हळूच मिटली. ती म्हणाली, "तुमच्याच वहीप्रमाणे टील तळ्यात आजवर एकही मासा सापडलेला नाही."

यादी सहा आठवड्यांनी बंद होणार होती.

त्या गुरुवारी मी शाळेत केक भाजायचे दोन ट्रे घेऊन गेलो. एकात लाल माती ओली करून भरली. दुसऱ्यात तीच माती पाण्यात कालवून दुधाळ चहाच्या रंगाचं गढूळ पाणी केलं. दोन्हींवर कुंपणाची बारीक तार आणि हिरवी लोकर असा गुंता दाबून बसवला, कारण टील तळ्यात लिग्नम वाढतं. माणसाच्या डोक्यावरून जाणारी काटकुळी झुडपं, एकमेकांत अशी अडकलेली की मेंढी आत शिरली तर लोकर मागे ठेवून बाहेर येते. तळं कोरडं असताना ती करडी असतात. पाणी आलं की पाण्यातच उभी राहून हिरवीगार होतात आणि पाणी झाकून टाकतात. ट्रे मी झेंड्याच्या खांबाखाली ठेवले, शेजारी शिडी लावली, आणि एकेका मुलाला वर चढून फक्त एकच सांगायला लावलं: पाणी कशात आहे?

अकरापैकी आठ जण चुकले. कीली म्हणून डल्सीची बारा वर्षांची नात आहे, तिला चुकायचं माहीत नाही. ती दोनदा वर चढली आणि खाली येऊन म्हणाली, "सर, तुम्ही फसवताय. दोन्हीत मातीच आहे."

मी तिला बोट बुडवायला सांगितलं. तिनं एका ट्रेमध्ये बुडवलं, ओलं झालेलं बोट बघितलं, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा काही मी तिचा डबा खाल्ला होता.

"मग वरून कळणार कसं?" तिनं विचारलं.

शिकवणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. प्रश्न आपण विचारायचा ठरवलेला असतो आणि तो समोरूनच येतो. मी त्यांना सांगितलं, की संगणक खोटं बोलला नव्हता. त्यानं शिडीवरून पाहिलं, त्याला झुडूप दिसलं, त्यानं झुडूप लिहिलं. ज्या तीन वर्षांत पूर इतका मोठा होता की मधलं लिग्नमसुद्धा बुडालं, तेवढीच वर्षं त्याला पाणी दिसलं. पण उपग्रहाला आपल्याला न दिसणारा उजेडही दिसतो. कोरड्या जमिनीवरचं झुडूप तो उजेड बऱ्यापैकी परत फेकतं. पाय पाण्यात असलेल्या झुडपाखालचं पाणी मात्र त्यातला खूपसा गिळून टाकतं. म्हणजे दोन झुडपं आपल्याला सारखीच हिरवी दिसली, तरी त्या उजेडात एक फिकट दिसणार आणि एक काळपट.

मग आम्ही संगणकाच्या खोलीत गेलो. ही सगळी चित्रं कुणालाही फुकट बघता येतात, हे मुलांना खरं वाटेना. न दिसणारा उजेड दिसेल असे रंग लावून आम्ही टील तळ्याची चित्रं एकामागून एक उघडली. बहुतेक वर्षांत तळं नारिंगी होतं. काही वर्षांत ते गडद, काळसर हिरवं दिसत होतं. कीलीनं त्याला बाटलीचा रंग असं नाव दिलं आणि तेच पडलं.

मी ती चित्रं ब्रॉन्विनला पाठवली. तिनं दुसऱ्याच दिवशी फोन केला. आवाजावरूनच कळत होतं की ती हरखली आहे, पण ती काळजीनं बोलणारी मुलगी. तिचं म्हणणं असं, की बाटलीचा रंग म्हणजे पाणी, हे तिला पटतंय. पण नुसत्या जोरदार पावसानं जमीन चिखल झाली तरी झुडपाखाली थोडं गडद दिसू शकतं. म्हणून प्रत्येक वर्षासाठी, त्या चित्राच्या आगेमागे आठेक दिवसांत, तळ्यात खरंच पाणी होतं याचा जमिनीवरचा पुरावा हवा. निदान सात वर्षांचा. चिखलात पाच किलोचा मासा राहत नाही, असं तीच म्हणाली.

म्हणजे सगळं फिरून पुन्हा त्या वहीपाशी आलं.

मी हे डल्सीला तिच्या ओट्यावर बसून सांगितलं. तिनं ऐकलं, चहा संपवला, कोट चढवला, आणि आम्ही पबमध्ये गेलो. शुक्रवारची संध्याकाळ, सगळे होतेच. तिथे जेवणघराच्या भिंतीवर क्लबची मोठी लाकडी पाटी आहे. दर वर्षीच्या सगळ्यात मोठ्या माशाचं आणि तो धरणाऱ्याचं नाव तिच्यावर सोनेरी अक्षरात रंगवलेलं असतं. त्र्याण्णवच्या ओळीत डल्सीचं नाव होतं. अख्ख्या पाटीवर बाईमाणसाचं तेवढं एकच. तिनं मालकाकडे लोणी लावायची सुरी मागितली, खुर्चीवर चढली, आणि आपलं नाव खरवडायला लागली. सोनेरी भुगा तिच्या कोटावर पडत होता. म्हाताऱ्या क्लॅरीनं कोपऱ्यातून विचारलं, की डोकं फिरलं का.

खरवडून झाल्यावर ती खाली उतरली. "तो मासा टील तळ्यातला," ती म्हणाली. "आणि वहीतले माझ्या नावाचे बाकीचे सहाही. मास्तर, लिहून घे. माझं मी सांगितलं. दुसऱ्या कुणाचं मी सांगणार नाही."

क्लॅरी त्या वेळी ऐंशीला टेकला होता. पाटीवर त्याचं नाव अठ्ठ्याण्णवच्या ओळीत आहे, आणि त्या ओळीतला साडेआठ किलोचा यलोबेली हा क्लबचा आजवरचा सगळ्यात मोठा मासा. क्लॅरीनं आयुष्यात बरंच काही केलं: मेंढ्यांची लोकर कातरली, रस्ते बांधले, दोन बायका पुरल्या. पण नवीन माणूस पबमध्ये आला की तो फक्त त्या माशाचीच गोष्ट सांगायचा. त्या संध्याकाळी त्यानं ग्लास अर्धा टाकला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मुलं वहीच्या पानांच्या नकला घेऊन घरोघर गेली. मी त्यांना नियम घालून दिला होता: ज्याची ओळ त्यालाच विचारायचं, आणि माणूस गेला असेल तर त्याच्या घरच्यांना. कुणी नाही म्हटलं तर आभार मानून निघायचं. पहिल्या दिवशी बहुतेकांनी मुलांना बिस्किटं दिली आणि ओळखच दाखवली नाही. एकानं सांगितलं, की त्याला बंधारा आणि तळं यातला फरकच कधी नीट कळला नाही. पण पबच्या भिंतीवरची ती खरवडलेली ओळ सगळ्यांना दिसत होती. तिसऱ्या दिवशी टपालवाली बाई स्वतःच शाळेत आली, दार लावून घेतलं, आणि नऊ मासे कबूल करून गेली. मग रांग लागली. कीलीच्या म्हणण्याप्रमाणे चर्चमध्येसुद्धा एवढी लागत नसेल. लोक वरमून यायचे आणि जाताना हलके होऊन जायचे. एक जण तर परत आला. त्याला आणखी दोन आठवले होते.

मुलं दर गुरुवारी तारखा आणि चित्रं जुळवत बसायची. पूर्वीचा उपग्रह सोळा दिवसांनी एकदा यायचा, आणि तो आला त्या दिवशी ढग असले की गेलं ते चित्र. तरी जमत गेलं. मासा धरल्याची तारीख, तीन दिवसांनी चित्र, बाटलीचा रंग. मासा, पाच दिवस, बाटलीचा रंग. एकदाही नारिंगी निघालं नाही. कबुली जेवढी खरी, तेवढाच रंग गडद, असं धाकट्या मुलांना वाटायला लागलं होतं, आणि मी ते मोडून काढलं नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही मोजलं. कबुल्यांनी सहा नवी वर्षं मिळाली. संगणकाची तीन. नऊ.

चित्रात बाटलीच्या रंगाचं आणखी एकच वर्ष उरलं होतं: अठ्ठ्याण्णव. त्या वर्षी पाऊस एवढा झाला की तळ्याकडची काळ्या मातीची वाट तीन महिने बंद होती. वहीत तेवढ्या काळातल्या नोंदी जवळजवळ नाहीतच. एक होती. चौदा नोव्हेंबर, यलोबेली, साडेआठ किलो, क्लॅरी, बंधाऱ्याखाली. चित्र होतं पंधरा नोव्हेंबरचं, आणि त्यात एक ढग नव्हता.

कीली आणि मी क्लॅरीकडे गेलो. त्यानं दार उघडलं, कीलीच्या हातातला कागद बघितला, आणि तो मासा बंधाऱ्याखालचाच आहे असं म्हणून दार लावून घेतलं. त्यानं आम्हाला बिस्किटसुद्धा दिलं नाही.

मला एक शंका होती. त्या चिखलात तळ्यापर्यंत जाईल असा ट्रॅक्टर गावात एकट्या क्लॅरीकडे होता, आणि तो एकटा कधी मासे धरायला जात नसे; सोबत बहुतेकदा डल्सीच असायची. मी डल्सीकडे गेलो आणि सरळ विचारलं, की अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात ती तळ्यावर गेली होती का.

"मास्तर, चहा घे," ती म्हणाली.

मी म्हटलं, डल्सी, एक वर्ष कमी पडतंय. एकच. तुझ्या आईची जागा आहे ती.

"कुणाची जागा आहे ते मला तू सांगू नकोस." ती रागावली नव्हती. फक्त दमल्यासारखी दिसत होती. "माझ्या तोंडून निघालं तर ते त्याचं घेतल्यासारखं होईल. आणि असं घेऊन आणलेलं पाणी मला नको. साखर किती?"

मी दोन चमचे सांगितली. आम्ही दुसरं काहीबाही बोलत बसलो. तिनं नखं कापून टाकली होती, हे माझ्या लक्षात आलं. झाडं बघायला ती आता जात नव्हती.

यादी बंद व्हायच्या दिवशी ब्रॉन्विन पुन्हा आली. पबच्या जेवणघरात उभं राहायला जागा नव्हती. मुलांना पुढे जमिनीवर बसवलं होतं. तिनं मुलांचं काम भिंतीवर एकेक करून दाखवलं आणि त्यांची नावं घेऊन सांगितलं, की खात्यातल्या तिच्या वरिष्ठांनी सगळं तपासलं, रंगाची ही खूण त्यांना मान्य आहे, आणि आता ती खोऱ्यातल्या दुसऱ्या झुडपाळ तळ्यांनाही लावली जाणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं हाताची बोटं एकमेकांत अडकवली आणि सांगितलं, की टील तळ्याची पुराव्यासकट वर्षं नऊ होतात. दहाचा नियम तिनं केलेला नाही आणि तिला तो मोडता येत नाही. संध्याकाळी पाचला तिला यादी पाठवायची होती.

आपली नजर क्लॅरीकडे जाऊ नये याची सगळेजण काळजी घेत होते. डल्सी पहिल्या रांगेत होती. ती सरळ नकाशाकडे बघत होती.

क्लॅरी मागे दाराजवळ उभा होता. तो चालायला लागला तेव्हा मला वाटलं, बाहेर चाललाय. पण तो भिंतीकडे गेला. पाटीच्या बाजूला त्याची फ्रेम लावलेली आहे: क्लॅरी, हातात तो मासा, कानापर्यंत हसू. त्यानं फ्रेम खाली काढली, टेबलावर उपडी ठेवली, आणि खिशातल्या चाकूनं मागचे खिळे उचकटले. मागची फळी बाजूला केल्यावर दिसलं, की फोटो फ्रेमपेक्षा मोठा होता. डावीकडची बाजू मागे दुमडून दाबून बसवलेली होती. ती त्यानं उलगडली.

फोटोच्या त्या बाजूला लिग्नम होतं, हिरवंगार, पाण्यात उभं. त्याच्यापुढे मांडीभर पाण्यात, फ्रॉक खोचून, पोट धरून हसणारी तेवीस वर्षांपूर्वीची डल्सी होती. तळाच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली नारिंगी तारीख होती. चौदा, अकरा, अठ्ठ्याण्णव.

"बंधाऱ्याखाली त्या दिवशी मी गेलो असतो," क्लॅरी म्हणाला, "तर तुम्हाला मी समुद्रात सापडलो असतो. एवढी नदी चढली होती." तो ब्रॉन्विनशी बोलत होता, पण बघत डल्सीकडे होता. "तो टील तळ्यातला आहे. कॅमेरा ट्रॅक्टरवर ठेवून फोटो आम्हीच काढला. हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेवीस वर्षं मी ती गोष्ट हिच्यासमोर सांगत आलो आणि ही बया एकदासुद्धा हसली नाही. या सहा आठवड्यांत तरी सांगून टाकेल असं वाटलं होतं. तेही केलं नाही. आता माझ्याच्यानं हे होत नाही."

ब्रॉन्विननं फोटो दोन्ही हातांनी उचलला आणि दिव्याखाली धरला. मग तिनं पंधरा नोव्हेंबरचं चित्र भिंतीवर लावलं. झुडपं काठाला जिथे वळतात तो बाक फोटोत होता आणि चित्रातही होता. तो कीलीला सगळ्यात आधी दिसला आणि ती बोट दाखवत राहिली. हजार एकर, या टोकापासून त्या टोकापर्यंत बाटलीच्या रंगाचे. ब्रॉन्विन संगणकाशी बसली. तिनं नऊ खोडून दहा लिहिलं, आणि नकाशावरचा तो वाटाण्याएवढा ठिपका फुगत फुगत काठाला जाऊन भिडला. सबंध तळं निळं.

मग जो आवाज झाला, त्यानं म्हणे रस्त्यापलीकडचे घोडे बुजले. टपालवाली बाई रडत होती. मुलं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि मी त्यांना शांत बसायला सांगितलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

या गोंधळात डल्सी उठून क्लॅरीजवळ गेली. ती काय म्हणते ते ऐकायला सगळे आपोआप गप्प झाले.

"आता तुझं नाव जाणार पाटीवरून," ती म्हणाली.

"जाऊ दे. तसाही रंग उडालाच होता."

"आणि मासा साडेआठचा नव्हता. सातचा होता. मी उचलून बघितला होता."

"डल्सी," क्लॅरी म्हणाला, "तेवढं तरी राहू दे."

ब्रॉन्विन मान वर न करता म्हणाली, की खात्याला वजनाशी काही घेणं नाही. ती यादी पाठवत होती. तेव्हा साडेचार वाजले होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि ओढ्यावरचं दार उघडलं. गंजलेलं होतं, चार माणसं लागली. पाणी ओढ्यातून सरळ वाहत येईल अशी मुलांची कल्पना होती. ते तसं येत नाही. ते माणसाच्या चालीनं येतं, कधी त्याहून हळू, पुढे काड्या, फेस आणि कोळी ढकलत. भेगांमध्ये शिरतं, भेगा भरेपर्यंत थांबतं, पुन्हा निघतं. मुलं दोन दिवस त्याच्यापुढे उलटी चालत होती. मी त्यांना मागे बघून चाला म्हणायचो आणि स्वतःच खड्ड्यात पडायचो. आयबिस पक्षी तर पाण्याच्याही आधी येऊन लिग्नममध्ये बसले होते. त्यांना कुणी कळवलं, हा प्रश्न मुलांनी मला विचारला आणि मी माहीत नाही असं उत्तर दिलं, कारण ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी तळ्यात उतरलं. गाव सगळं काठावर होतं. ब्रॉन्विन रजा काढून आली होती. क्लॅरीनं ट्रॅक्टरवरून खुर्च्या आणल्या होत्या, आणि डल्सीनं तिची खुर्ची काठावर न मांडता तळ्याच्या आत, जिथे माती फुटून तिचे पापुद्रे उलटले होते, तिथे नेऊन मांडली होती. पाण्याची जीभ झुडपांखालून सरकत तिच्याकडे यायला लागली तेव्हा कीलीनं तिला हाक मारली, की नानी, खुर्ची मागे घे, भिजशील.

"घेईन की," डल्सी म्हणाली. "त्याला यायला नऊ वर्षं लागली. माझ्या पायापर्यंत तर येऊ दे."

ते आलं. तिच्या चपला आधी तरंगल्या, मग एकेक करून निघाल्या आणि ब्लॅक बॉक्सच्या झाडांकडे गेल्या. ती उठली नाही. तिनं पाय लांब करून पाण्यात ठेवले, डोळे मिटले, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथेच बसून राहिली. आम्ही कुणी तिला उठवायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला उपग्रह वरून गेला. आकाश अगदी स्वच्छ होतं.